रीसेचा तो हेडर आणि डाव्या बगलेचा हिशेब

डावखुरा :
22 एप्रिल 2008 रोजी अ‍ॅनफील्डवर चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीचा पहिला सामना लिव्हरपूल 1-0 असा खिशात घालणार, असे धरून लोक घड्याळाकडे पाहत होते. भरपाईच्या वेळेत चेल्सीच्या कालूने डावीकडून मारलेला क्रॉस खाली खाली येत गेला आणि लिव्हरपूलच्याच, मूळ नॉर्वेच्या यॉन आर्ने रीसेने वाकून, जवळजवळ झेपावत, तो डोक्याने आपल्याच जाळ्याच्या छतात धाडला. आठ दिवसांनी चेल्सीने जादा वेळेत 3-2 अशी बाजी मारली, आणि त्याच उन्हाळ्यात सात वर्षांची सोबत संपवून रीसे इटलीतल्या रोमा क्लबकडे गेला. तेव्हापासून त्याचे नाव निघाले की आधी तो हेडरच निघतो. लिव्हरपूलसाठी 348 सामने आणि 31 गोल करणाऱ्या बचावपटूचा हिशेब एका चुकीवर मिटवणे मला अन्यायाचे वाटते. नोव्हेंबर 2001 मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध सहकारी हामानने हलकेच सरकवलेल्या फ्री किकवर त्याने मारलेला फटका आडव्या खांबाच्या खालच्या कडेला आदळून आत गेला होता. इस्तंबूलच्या 2005 च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात 0-3 अशी पिछाडी असताना ज्या क्रॉसवर जेरार्डने पहिला गोल केला, तोही रीसेचाच होता, आणि तोसुद्धा पहिला क्रॉस अडवला गेल्यावर परत आलेल्या चेंडूवर दिलेला.

गोलजाळे :
आपण मांडलेला एकही प्रसंग मी नाकारत नाही, पण त्यांतला एकही बचावाचा नाही, हे आपल्या लक्षात आले का? फटका, क्रॉस, गोल, म्हणजे सगळा हिशेब समोरच्या अर्ध्या मैदानाचा. त्या हेडरची आठवण मीही काढणार नाही, मी संघाच्या याद्या काढतो. इस्तंबूलला लिव्हरपूलचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, त्राओरे होता आणि रीसे त्याच्या पुढे, मधल्या फळीत खेळला. फेब्रुवारी 2007 मध्ये बार्सिलोनाच्या कँप नोऊ मैदानावर मेस्सीला रोखायची वेळ आली तेव्हा प्रशिक्षक बेनितेझने आर्बेलोआ या उजव्या पायाच्या खेळाडूला डावीकडे मागे उभे केले आणि रीसेला पुन्हा पुढेच ठेवले. रोजच्या सरावात त्याला पाहणारा प्रशिक्षक मोठ्या सामन्यांत त्याच्या भरवशावर डावी बगल सोडत नसेल, तर त्याला उत्तम बचावपटू म्हणण्याचा आग्रह आपण का धरावा? 2008 च्या त्या रात्रीही पहिल्या अकरांत ऑरेलिओ होता. तो जखमी झाल्यावर रीसे उतरला.

डावखुरा :
याद्या आपण बरोबर वाचल्या, पण त्यांतून काढलेला अर्थ मला एकतर्फी वाटतो. कँप नोऊवर विजयाचा गोल कोणी केला, हे आपण सोयीने गाळलेत. बेलामीच्या पासवर तो रीसेने केला, आणि तोही उजव्या पायाने. ज्याच्या पायात असा फटका आहे त्याला पुढे खेळवणे हा बचावावरचा अविश्वास नसून खेळाडूचा पुरेपूर उपयोग असतो. शिवाय पुढची तीन वर्षे तो रोमात खेळला, आणि इटलीत डावी बगल उघडी टाकणाऱ्याचे लाड कोणी करत नाही.

सह्याद्री :
आपण दोघेही लिव्हरपूलच्या चष्म्यातून पाहत आहात. नॉर्वेच्या पुरुष संघाकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा विक्रम बराच काळ स्वेन्सेन या जुन्या बचावपटूच्या नावावर, 104 सामन्यांचा होता. तो रीसेने मोडला आणि 110 सामने व 16 गोलांवर थांबला. मात्र 2000 च्या युरो स्पर्धेनंतर त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत नॉर्वे एकाही मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला नाही, त्यामुळे ही शंभरी बहुतेकांच्या नजरेतून निसटली. पात्रता फेरीतल्या सामन्यांसाठी वर्षानुवर्षे हजर राहणे हेही बचावपटूचेच काम आहे, असे मी मानतो.

गोलजाळे :
सातत्याबद्दल मतभेद नाही. पण हजेरीपट आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या वह्या आहेत.

मडगावकर :
माझी एक छोटी भर. 2015 मध्ये रीसे इंडियन सुपर लीगमध्ये दिल्ली डायनामोजकडून खेळला. प्रशिक्षक कोण, तर रॉबेर्तो कार्लोस! डाव्या पायाच्या तोफेचे दोन जुने मालक एकाच संघात होते. दिल्लीने उपान्त्य फेरीचा पहिला सामना 1-0 असा जिंकला आणि फातोर्ड्यावर आमच्या एफसी गोवाने त्यांना 3-0 असे घरी पाठवले. पस्तिशीतल्या रीसेवरून त्याची पारख करणे योग्य नाही, हे मान्य आहे. मात्र पुढे धावलेल्या लेफ्ट बॅकमागची मोकळी जागा ही रॉबेर्तो कार्लोसच्या बाबतीतही कायम चर्चेत होती आणि त्याला कोणी दुय्यम ठरवले नाही. हा न्याय रीसेला का नको?

गोलजाळे :
कारण रॉबेर्तो कार्लोस परतायचा तेव्हा बहुधा चेंडूच्या आधी पोहोचायचा. आणि आता उजव्या पायाचा विषय निघालाच आहे, तर त्या हेडरकडे परत यावेच लागेल. तो चेंडू डोक्याने खेळण्याच्या उंचीवर नव्हता. उजवा पाय लावून तो कुठेही भिरकावता आला असता. कँप नोऊवर तो पाय चालतो आणि स्वतःच्या गोलसमोर आठवत नाही, याला मी दुर्दैव म्हणणार नाही, सवय म्हणेन.

डावखुरा :
त्याच्या मागे चेल्सीचा अनेल्का टपून होता. चेंडू सोडला असता, तर तोच गोल अनेल्काच्या नावावर लागला असता. त्या क्षणी शरीराचा जो भाग आधी पोहोचेल तो लावणे एवढेच हातात असते.

गोलजाळे :
चेंडू सोडायचा नव्हताच, बाहेर घालवायचा होता. फार तर कॉर्नर मिळाला असता, आणि तो घ्यायला पंचांनी वेळ दिला असता की नाही, हीसुद्धा शंकाच आहे.