'टाइपकास्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: सुरुवातीच्या बोलपटांतल्या आफ्रिकन-अमेरिकन कलाकारांवर लिहितेय. 'टाइपकास्ट झाले'साठी 'साचेबंद भूमिकांत अडकले' चालेल? आणि 'कॅरेक्टर ॲक्टर'ला 'चरित्र अभिनेता'?

— 'चरित्र अभिनेता' हिंदीतून आलाय. मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा, त्यामुळे घोटाळा होतो. पण शब्द रुळलाय, राहू द्या. टाइपकास्टला 'ठसा' घ्या की. टाइप म्हणजे छापखान्यातला खिळाच ना?

— नाही हो, इथला टाइप म्हणजे 'अमुक प्रकारचा माणूस' आणि कास्ट म्हणजे भूमिकेसाठी केलेली निवड. खिळ्याशी संबंध नाही. तरी 'साचा' मला पटतो. खटकतं ते 'अडकले'. पतंग झाडात अडकतो, त्याला कुणी अडकवत नाही. अभिनेत्री लुईझ बीव्हर्स ओहायोत जन्मली, कॅलिफोर्नियात वाढली. पडद्यावरच्या मोलकरणीसाठी तिला अमेरिकेच्या दक्षिणेकडची बोली मुद्दाम शिकावी लागली. मोलकरीण जाडजूडच हवी, म्हणून वजन टिकवायला भूक नसताना खावं लागायचं. याला अडकणं कसं म्हणायचं? साच्यात कोंबलं म्हणा. विली बेस्ट या नटाचं तर नावही काढून घेतलं. सुरुवातीच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तो 'स्लीप अँड ईट', म्हणजे 'झोपा आणि खा'!

प्रश्नकर्ती: मग 'शिक्का बसला'?

— त्यातही कर्ता गायबच. 'शिक्का मारला' लिहा, आणि कुणी ते वाक्यात येऊ द्या: स्टुडिओंनी. अभिनेत्री हॅटी मॅकडॅनिअलला १९४० साली ऑस्कर मिळालं तेही मोलकरणीच्याच भूमिकेसाठी, आणि त्या समारंभात तिला सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. तिथेही 'ती वेगळी बसली' लिहू नका, 'बसवलं' लिहा.

— 'ठसा' मात्र एका ठिकाणी अगदी चपखल बसतो. १९३४ च्या 'इमिटेशन ऑफ लाइफ'मध्ये बीव्हर्सने केलेल्या डिलायला या मोलकरणीच्या पाककृतीवर मालकीण पॅनकेकचं दुकान काढते. पाटी रंगवणाऱ्याला चेहरा दाखवायचा म्हणून डिलायलाला हसायला सांगतात. ती तोंडभर हसते आणि तशीच थांबते. इकडे यांचं बोलणं चाललेलं, ती आपली हसू धरून उभी. पुढे तोच चेहरा जाहिरातीवर. एरवी 'ठसा उमटवला' हे आपण कौतुकाने म्हणतो, म्हणून इतरत्र तो शब्द टाळा. या प्रसंगापुरता 'तिच्या चेहऱ्याचा ठसा केला' असं लिहा.