नोकरीचा पहिला महिना: शाळा-कॉलेजात काय शिकवलं, काय राहून गेलं? (अनुभव धागा)

आयटीआयमध्ये निदेशक आहे. फिटरच्या पोरांचा 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' हा विषयही बऱ्याचदा माझ्याच गळ्यात पडतो. मागे एक मुलगा चाकणला कंपनीत लागला. तिसऱ्या आठवड्यात आजी वारली म्हणून गावी गेला, पाच दिवसांनी परत आला तर गेटवरच अडवलं. "अरे, फोन का नाही केलास?" "सर, कुणाला करायचा? आणि बोलायचं काय?" या विषयाची त्याची वही पूर्ण होती, प्रत्येक पानावर लाल शाईत माझी सही.

तेव्हापासून मी स्टोअररूममध्ये जाऊन बसतो आणि एकेक पोरगा वर्गातून मला फोन लावतो. स्पीकर चालू, अख्खी बॅच ऐकते. नाव, टोकन नंबर, शिफ्ट, कारण, परत कधी येणार. निम्मे जण "हॅलो सर, मी बोलतोय" इथेच अडकतात. तुमचे अनुभव लिहा, शिकवणाऱ्यांनी आणि शिकलेल्यांनीही.

*

नाशिकच्या सातपूरला शॉप सुपरवायझर आहे. नव्या पोरांबद्दल एकच तक्रार: कळलं नाही तरी "हो सर". एकाने ड्रॉइंग उलटं वाचून अठरा जॉब (मशीनवर बनवायचे भाग) रिजेक्ट केले आणि भीतीने ते भंगाराच्या पिंपात, धातूच्या किसाखाली दडवले. ओरडलो तर पुढचा पोरगा आणखी खोल दडवणार, म्हणून गिळलं. आता काम सांगून झालं की विचारतो, "मी काय सांगितलं ते तू मला सांग." वेळ जातो, पण अठरा जॉबपेक्षा कमी. मशीनजवळ शर्टाच्या बाह्या सांभाळणं आणि शिफ्ट सुटताना पुढच्याला चार्ज देणं, या दोन गोष्टी मात्र कॉलेजातूनच शिकून याव्यात.

*

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यावर तास होता. मागच्या बाकांवर खिदळणं सुरू. कलमं बाजूला ठेवून भंवरीदेवींची गोष्ट सांगितली. राजस्थानात सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह थांबवायला गेलेली साथिन (गावातली सरकारी योजनेची कार्यकर्ती), १९९२ मध्ये तिच्यावर झालेला सामूहिक अत्याचार, आणि त्यातून पुढे कामाच्या जागी असा छळ रोखण्यासाठी नियम घालून देणारा १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल. वर्ग गप्प झाला.

तास संपल्यावर एक मुलगी थांबली. साडीच्या दुकानात अर्धवेळ जाते. "मॅडम, आमच्यात चारच माणसं. तक्रार ऐकणाऱ्या समितीत कोण असणार, मालकच ना?" प्रश्न बिनतोड. दहापेक्षा कमी कामगार असले किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी, आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. तिने हे सगळं तळहातावर लिहून घेतलं. तिच्यावर काही प्रसंग आला होता का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं अजून वाटतं.

*

माजी विद्यार्थी, कॉमर्सवाला. आमच्या सरांनी एक तास फक्त पगाराची स्लिप वाचायला दिला होता. तेव्हा कंटाळलो. पहिल्या नोकरीत पीएफचे बारा टक्के दर महिन्याला कापले जात होते, पण यूएएन, म्हणजे पीएफचा स्वतःचा नंबर, मागितला की "येईल, येईल". सर म्हणाले होते, बारा आकडी नंबर हातात घ्या आणि पासबुक स्वतः उघडा. सातव्या महिन्यात नंबर मिळाला. पासबुकात दोनच महिने जमा! आवाज चढवला नाही, मेल टाकला, सातही स्लिपा जोडल्या. तीन आठवड्यांत बाकीचे पैसे आले. मूळ मार्कशीट ऑफिसात 'ठेवून घेतली' होती, ती परत मिळवायला मात्र जास्त वेळ लागला. मूळ कागद देऊ नका रे पोरांनो, झेरॉक्स द्या.

*

वरच्या प्रतिसादावरून: अप्रेंटिस पोरं स्लिप पाहून भांडतात की आमचा पीएफ कुठे? १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात ती प्रशिक्षणार्थी आहेत, कामगार नाहीत, त्यामुळे पगार नाही, विद्यावेतन. सही करण्याआधी करार वाचून घ्यायला शिकवा, निम्मी भांडणं मिटतील.

*

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून. इथे आउसबिल्डुंग (कंपनीत काम करत घ्यायचं व्यवसायशिक्षण) करणाऱ्या मुलांना कंपनीसोबत व्यवसायशाळाही असते, आणि शिकाऊ करार, सामूहिक वेतन करार, सामाजिक विमा हे तिथे परीक्षेला असतं. शिवाय काय काम केलं त्याची नोंदवही भरायची. माझा भाचा ती रविवारी रात्री भरतो, आपल्या जर्नलसारखीच. अवांतर: "सॉरी, समजलं नाही" म्हणायला त्यालाही वर्ष लागलं.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. स्लिपचा तास घेतोच, आणि सातपूरकरांचा "तू मला सांग" उचलला आहे.

काल एका जुन्या पोराचा सकाळी साडेसहाला फोन. नाव, टोकन नंबर, पहिली शिफ्ट, ताप आहे, परवा येतो. सगळं एका दमात, बिनचूक. मग जरा थांबून म्हणाला, "सर... चुकून तुम्हालाच लागला."