मुलीचं ओटीपोट दोन वर्षं दुखतंय, निदान होत नाही. कुणाकडे जावं?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. लेक १५ वर्षांची, दहावीत. पाळी तेराव्या वर्षी आली. पहिले तीन-चार महिने काही नाही, मग दुखायला लागलं. सुरुवातीला पाळीचे दोन दिवस, मग पाच, आता पाळी संपली तरी आठवडाभर उजवीकडे खाली ठणकत राहतं. मागच्या महिन्यात बाकावर डोकं टेकून बसली म्हणून शाळेतून फोन आला. ती म्हणते, "आई, आत कुणीतरी ओलं फडकं पिळतंय."

आतापर्यंत पाच डॉक्टर झाले. घरच्या डॉक्टरांनी मेफ्टाल स्पास दिली. दुसरीकडे सोनोग्राफी झाली, पीसीओडी आणि उजवीकडे गाठ आहे म्हणाले, तीन महिने हार्मोनच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असताना बरंच कमी होतं, बंद केल्यावर दुप्पट. तिसऱ्यांनी बद्धकोष्ठाचं औषध आणि जंताची गोळी. चौथे सर्जन, त्यांचं म्हणणं अपेंडिक्स काढून टाकू. पाचव्यांनी तिच्याकडे न बघताच मला सांगितलं, "दहावीचं टेन्शन आहे, मन रमवा." ती बाहेर येऊन जी रडली ते मी विसरणार नाही.

सासूबाई म्हणतात लग्न झालं की थांबेल. पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न!

आम्ही सांगलीजवळ राहतो. पुण्या-मुंबईला न्यायची तयारी आहे. पण कुणाकडे? स्त्रीरोगतज्ज्ञ, पोटाचे डॉक्टर की सर्जन? कुणाच्या मुलीला असं झालंय का?

चिंचेचं_झाड

ताई, तुमच्या लेकीच्या जागी मी होते. माझं चौदाव्या वर्षी सुरू झालं आणि एंडोमेट्रिओसिस हे नाव एकोणतिसाव्या वर्षी कळलं. मधली पंधरा वर्षं "सगळ्यांनाच दुखतं" ऐकण्यात गेली. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, ओटीपोटात वाढतो आणि दुखत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के बायकांना हे असतं, म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही.

माझ्या अनुभवातून दोन गोष्टी. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असं होत नाही, वरवरचे ठिपके त्यात दिसतच नाहीत. आणि वेदनाशामक व हार्मोनच्या गोळ्या तीन ते सहा महिने नीट घेऊनही त्रास राहिला, तर पुढचा शोध घ्यायलाच हवा. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली किशोरवयीन मुलींसाठी हेच सांगितलंय. दुर्बीण टाकायची वेळ आलीच तर मुलींमधले ठिपके ओळखणारा सर्जन बघा. मोठ्या बायकांत ते काळपट असतात, मुलींमध्ये पुष्कळदा लाल किंवा पाण्याच्या थेंबासारखे पारदर्शक. सवय नसेल तर नजरेतून निसटतात.

आणि आजपासून वही घाला. तारीख, पाळीचा कितवा दिवस, दहापैकी किती दुखलं, कुठे, कुठली गोळी घेतली, शाळा बुडली का. डॉक्टरांसमोर "खूप दुखतं" म्हटलं की हवेत विरतं. "महिन्यात अकरा दिवस, त्यातले चार शाळा बुडाली" म्हटलं की पेन उचललं जातं.

अनुभवी_आजी

ओवा आणि गूळ द्या, पोट शेका, थंड पाण्यात हात घालू देऊ नका. आमच्या वेळी कुणी दवाखान्यात जात नव्हतं. पहिलं बाळंतपण झालं की सगळं सुरळीत होतं.

चिंचेचं_झाड

आजी, शेक मीही घेते, बरं वाटतं. पण तुमच्या वेळी कुणी दवाखान्यात गेलं नाही म्हणून कुणाला दुखत नव्हतं असं नाही हो. माझी आई पाळीत न्हाणीघरात दार लावून बसायची. ते दार का लावायची हे मला तिशीत कळलं.

रात्रपाळी

मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. कृष्णाकाठ ताई, "पीसीओडी आणि गाठ" हा तुमच्या लक्षात राहिलेला निष्कर्ष झाला. रिपोर्टचा पूर्ण मजकूर इथे टाकाल का? नाव-गाव झाकून. लोक खालची ठळक ओळ वाचतात, वरचं कुणी वाचत नाही. डॉक्टरसुद्धा घाईत असले तर नाहीच.

कृष्णाकाठ

फाईल आत्ता कपाटातून काढली. दोन सोनोग्राफी आहेत, सव्वा वर्षाच्या अंतराने. पहिलीत लिहिलंय, "उजव्या बाजूला ५ सेंमीची गढूळ द्रव असलेली गाठ, बीजाशयाची असावी. डाव्या बीजाशयात बारीक फॉलिकल." दुसरीत गाठ ७ सेंमी. आणि दुसऱ्या रिपोर्टमध्ये वर एक ओळ आहे, "उजवं मूत्रपिंड जागेवर दिसत नाही, डावं थोडं मोठं." त्याबद्दल विचारलं होतं तेव्हा म्हणाले, काहींना जन्मतः एकच असतं, काही होत नाही.

मोहोर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. न तपासता निदान करणार नाही, पण शेवटची ओळ वाचून जेवणाचं ताट बाजूला ठेवलं.

मूत्रपिंड आणि गर्भाशय यांची घडण गर्भात पहिल्या काही आठवड्यांत शेजारी-शेजारी असलेल्या नळ्यांपासून होते. एका बाजूची नळी बिघडली की दोन्हीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून एक मूत्रपिंड नसलेल्या मुलीच्या ओटीपोटात दुखत असेल, तर तिच्या गर्भाशयाची रचना तपासलीच पाहिजे. "काही होत नाही" हे मूत्रपिंडापुरतं बरोबर असेल, पोटदुखीपुरतं नाही.

माझ्या डोक्यात जे आलंय त्याचं नाव ओह्विरा. हर्लिन-वर्नर-वुंडरलिश सिंड्रोम असंही म्हणतात, १९७१ आणि १९७६ मध्ये ज्यांनी वर्णन केलं त्यांच्यावरून. यात दोन गर्भपिशव्या असतात. एकीचा मार्ग मोकळा, दुसरीच्या खाली योनीत मार्ग अडवणारा पडदा असतो. त्यामुळे पाळी दर महिन्याला वेळेवर येते आणि कुणालाच संशय येत नाही. पण बंद बाजूचं रक्त आतच साठत जातं. म्हणून पहिल्या पाळीला काही नाही, काही महिन्यांनी दुखायला लागतं, मग वाढतच जातं. बंद बाजू आणि नसलेलं मूत्रपिंड एकाच बाजूला. साठलेलं रक्त सोनोग्राफीत "बीजाशयाची गढूळ गाठ" म्हणून खपून जातं. गोळ्यांवर बरं वाटण्याचं कारणही तेच, रक्तस्राव कमी म्हणजे साठा कमी.

ताई, तुमचा मजकूर परत वाचा. उजवीकडे, पाचाचे सात सेंमी, उजवं मूत्रपिंड नाही.

चूकही असू शकेन. पण आधी ओटीपोटाचा एमआरआय करा आणि चिठ्ठीवर "गर्भाशय-योनीची जन्मजात रचना, सोबत मूत्रपिंडं" असं स्पष्ट लिहून घ्या. "पोटदुखी" एवढंच लिहिलं तर तेवढंच बघितलं जाईल. तो होईपर्यंत अपेंडिक्स काढू देऊ नका, "गाठ" काढू देऊ नका, सुईने ओढूही देऊ नका. आत जंतुसंसर्ग होऊ शकतो.

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, लघवी अडणं, किंवा अचानक असह्य दुखून उलट्या, यातलं काही झालं तर या धाग्यावर विचारू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात रात्री दोनलाही जा. बीजाशयाला पीळ पडला तर तास महत्त्वाचे असतात.

आणि मेफ्टाल. एकच मूत्रपिंड असलेल्या मुलीने अशा गोळ्या मनाने, दिवसचे दिवस घ्यायच्या नसतात. रक्ताची क्रिएटिनिन तपासणी (मूत्रपिंड नीट काम करतंय का ते कळतं) आणि रक्तदाब बघून घ्या. दुखणं असह्य असेल तर पॅरासिटामॉल चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कृष्णाकाठ

हात थरथरतायत. मोहोर मॅडम, कुठे जावं? आणि लाज वाटते विचारायला, पण ती अजून लहान आहे, आतून तपासणी करतील का? सासूबाईंनी तेच धरून ठेवलंय.

मोहोर

लाज कशाला. एमआरआयला कुणी हातही लावत नाही, ती झोपून राहील, मशीन मोठा आवाज करतं एवढंच. सोनोग्राफी पोटावरूनच होते. आतली तपासणी लागलीच तर भूल देऊन, आणि आधी तिला स्वतःला सांगून. तुम्हाला नव्हे, तिला. पडदा काढायची शस्त्रक्रिया योनीमार्गेच होते. कौमार्यपटलाची काळजी वाटत असेल तर ते वाचवून कसं करतात हे सर्जनला मोकळेपणी विचारा, त्यांना सवय असते.

कुठे म्हणाल तर स्त्रीरोग आणि बालशल्य दोन्ही विभाग जिथे आहेत तिथे. मुंबईत केईएम, सायन, नायर किंवा परळचं वाडिया, पुण्यात ससून. खाजगीत जाणार असाल तर नावापेक्षा एकच प्रश्न विचारा, "अशा जन्मजात रचनेच्या किती मुली तुम्ही केल्यात?" उत्तर द्यायला कुरकुरणाऱ्याकडे जाऊ नका.

बापमाणूस

एवढं वाचून अंगावर काटा आला. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, मला हे सगळं माहीतच नव्हतं.

खर्चाबद्दल लिहितो, बाकी मला कळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नाही. रेशनकार्ड आणि मुलीचं आधार सोबत ठेवा. माझ्या वडिलांच्या वेळी आधारवरच्या नावात एक अक्षर चुकलं म्हणून दोन दिवस गेले होते. आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा, सीडीसकट.

चिंचेचं_झाड

माझा एंडोचा अंदाज मी मागे घेते. पण ताई, एक राहिलं. दवाखान्यात जाण्याआधी लेकीशी बसून बोला, सासूबाई नसताना. तिला दोन वर्षं कुणी खरं मानलेलं नाही. आता एकदम सगळे धावपळ करायला लागले की पोर घाबरते, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटतं. मला तसंच वाटलं होतं.

कृष्णाकाठ (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा. एमआरआय मिरजेतच झाला. मोहोर मॅडम, तुम्ही लिहिलं तेच. दोन गर्भपिशव्या, उजवीच्या खाली पडदा, रक्त साठलेलं. ज्यांनी गाठ म्हटलं होतं ती गाठ नव्हतीच, बीजाशय दोन्ही चांगली आहेत. रिपोर्ट घेऊन मुंबईला गेलो. तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा लेकीला खुर्चीवर बसवलं आणि मला बाजूला. कागदावर चित्र काढून तिला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या डोक्यात नव्हतं ना?" मॅडम म्हणाल्या, "नाही, इथे होतं," आणि चित्रावर बोट ठेवलं.

शस्त्रक्रिया गेल्या मंगळवारी झाली. योनीमार्गेच, पोटावर टाका नाही. बरंच जुनं, काळपट रक्त निघालं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. क्रिएटिनिन नॉर्मल आलं, देवाची कृपा. मुलं होण्याबद्दल मीच विचारलं, तर म्हणाल्या बहुतेकींना होतात, गरोदरपणात जास्त लक्ष ठेवावं लागतं, आज त्याची काळजी नको.

अपेंडिक्सवाल्यांकडे परत जाऊन फाईल दाखवावी असं यांना वाटतंय. मला सध्या शक्ती नाही.

मोहोर

फार बरं वाटलं. पुढच्या दोन-तीन पाळ्या वहीत लिहायच्या. दुखणं परत वाढलं तर पडदा पुन्हा जुळून येतोय का ते बघावं लागतं, म्हणून तपासणी चुकवू नका. उलट दिशेने गेलेल्या रक्तामुळे थोडा एंडोमेट्रिओसिस झालेला असू शकतो, मार्ग मोकळा झाल्यावर पुष्कळदा आपोआप शांत होतो. चिंचेच्या झाडाचा अंदाज अगदीच चुकला नव्हता. वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन, आयुष्यभर. तिच्या पाकिटात "एकच मूत्रपिंड, डावं" अशी चिठ्ठी ठेवा.

अपेंडिक्सवाल्यांकडे जमेल तेव्हा जाच. भांडायला नाही. पुढची मुलगी त्यांच्याकडे येईल तेव्हा त्यांना ही फाईल आठवावी म्हणून.

रात्रपाळी

परवा एका मुलीचा एमआरआय होता, चिठ्ठीवर फक्त "पोटदुखी". मी रेडिऑलॉजिस्ट सरांना म्हटलं, सर, मूत्रपिंडं पण बघूया का? दोन्ही जागेवर होती. पण विचारलं.

कृष्णाकाठ (पुढच्या महिन्यात)

पाळी येऊन गेली. तीन दिवस, मधल्या दिवशी थोडं दुखलं, दहापैकी तीन असं तिने स्वतः वहीत लिहिलंय. शाळा बुडाली नाही. गणिताची चाचणी बुडाली असती तर बरं झालं असतं, असं मात्र म्हणाली.

तिचा एक प्रश्न आहे, मोहोर मॅडमसाठी, मला उत्तर येत नाही. दोन पिशव्या मोकळ्या म्हणजे आता पॅड दुप्पट लागणार का?