मदत हवी आहे: अमेरिकेत सेकंडहँड ह्युंदाई घ्यावी का? ऑफिसातले सगळे नाक मुरडतात

कोलंबसकर_पुणेरी

नमस्कार मंडळी,

ओहायोतल्या कोलंबसला येऊन दीड वर्ष झालं. आतापर्यंत बस आणि मित्रांच्या गाड्यांवर निभावलं. पण मार्चमध्ये बाळ येणार आहे, पाठोपाठ आई-बाबाही येतील, त्यामुळे आता गाडी लागणारच. बजेट १९-२० हजार डॉलर. कर्ज शक्यतो नको.

दोन गाड्या हेरून ठेवल्यात. एक २०२१ ची ह्युंदाई टूसॉन, ५२ हजार मैल झालेली, पलीकडच्या गल्लीतला एक माणूस विकतोय. दुसरी २०१८ ची होंडा सीआर-व्ही, ८९ हजार मैल. आणि तरी होंडाच हजारभर डॉलरनी महाग! तीन वर्षं जुनी, वर इतकी जास्त पळालेली, आणि तीच महाग? इथेच माझं डोकं चालेनासं झालं.

ऑफिसात विचारलं तर एकच उत्तर, होंडा घे. इथून जवळच मेरीस्व्हिलला होंडाचा कारखाना आहे, १९८२ साली अकॉर्ड तिथे बनू लागली. इकडे होंडाला कोणी परदेशी समजतच नाही, ती घरचीच. ह्युंदाईचं नाव काढल्यावर एक जण म्हणाला, "चोरांची आवडती गाडी." दुसरा नुसताच हसला.

आमच्या घरी बरोब्बर उलटं. बाबांनी १९९९ साली सँट्रो घेतली, सोळा वर्षं वापरली. आईच्या लेखी ह्युंदाई म्हणजे मारुतीच्या वरची पायरी. एकाच कंपनीची दोन देशांत इतकी वेगळी पत कशी?

तर विचारायचंय ते असं. ही बदनामी जुनी आहे की आजही खरी? ती सुप्रसिद्ध दहा वर्षांची वॉरंटी माझ्यासारख्या सेकंडहँडवाल्याला मिळते का? पुढे विकताना किती रडावं लागेल? आणि टॅरिफच्या (आयात कराच्या) गोंधळात कंपनीच इथून गाशा गुंडाळणार नाही ना?

ता. क. उच्चारावरून कृपया भांडू नका. इथे 'संडे'च्या चालीवर 'हंडे' म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, कळशा पण ठेवतात का ते?

निवांत

हंडे-कळशा 😂 धाग्यावर लक्ष ठेवून आहे, मीही याच फेऱ्यात आहे.

जर्सीकाका

कोलंबसकर, तुमच्या बाबांनी जी ह्युंदाई पाहिली ती मुळात सुधारलेली ह्युंदाई. आम्ही आधीची पाहिली.

मी १९८४ साली न्यू जर्सीत आलो. १९८६ ला ह्युंदाईची एक्सेल आली, किंमत ४,९९५ डॉलर. नवी कोरी गाडी पाच हजारांच्या आत! पहिल्याच वर्षी लाखाच्या वर खपल्या. पण गाडी स्वस्त होती तशीच निघाली आणि लोकांनी ते विसरायचं नाव घेतलं नाही. रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमांत ह्युंदाई हा हमखास टाळ्यांचा विषय. अवकाशवीरांना घाबरवायचं असेल तर यानाच्या कंट्रोल पॅनलवर ह्युंदाईचा लोगो चिकटवा, अशा अर्थाचा डेव्हिड लेटरमनचा विनोद तर आमच्या पिढीत पाठ होता. १९९८ मध्ये अख्ख्या अमेरिकेत मिळून जेमतेम ९० हजार गाड्या विकल्या गेल्या. आता गंमत बघा, त्याच १९९८ साली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला सँट्रो बाहेर पडत होती आणि भारतात शाहरुख खान तिची जाहिरात करत होता. इकडे हसं, तिकडे दिमाख, एकाच वर्षात. तुमच्या पत-प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

त्यांना वाचवलं ते वॉरंटीने. इंजिन आणि गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैल. ज्या कंपनीच्या मालावर कोणाचा विश्वास नाही तिने बाजारातली सगळ्यात लांब हमी द्यायची, म्हणजे एक तर बुडायचं नाही तर खरंच चांगली गाडी करायची. १९९९ ला चुंग मोंग-कू अध्यक्ष झाले आणि दर्जाच्या मागे हात धुऊन लागले. २००४ साली जे. डी. पॉवर या पाहणी करणाऱ्या कंपनीने नव्या गाड्यांच्या सुरुवातीच्या दर्जाची जी पाहणी केली तिच्यात ह्युंदाई होंडाच्या बरोबरीला येऊन बसली, तेव्हा आमच्या कंपनीतले लोक छापण्यात चूक झाली म्हणत होते. २००५ ला अलाबामात माँटगोमेरीचा कारखाना. २००९ च्या मंदीत तर त्यांनी जाहीर केलं, नोकरी गेली तर गाडी परत आणून द्या. बाकीचे नुसती सूट देत होते, यांनी माणसाच्या पोटातल्या भीतीवर बोट ठेवलं. धंद्याची अशी अक्कल मी फार कमी पाहिली.

होंडाचं कौतुक करणाऱ्यांना एकच सांगा. टोयोटासुद्धा १९५७ ला टोयोपेट क्राउन घेऊन आली होती आणि इथल्या हायवेवर तिची दमछाक झाली. चार वर्षांत विक्री थांबवावी लागली. आता ते कोणाला आठवत नाही.

गॅरेजवाला

काका, इतिहास झकास, पण अर्धाच सांगितलात.

मी मूळचा इचलकरंजीचा, डॅलसजवळ गॅरेजात काम करतो. सुधारल्यानंतरही ह्युंदाईने माती खाल्लीय. २०१२ मध्ये कबूल करावं लागलं की मायलेज फुगवून छापलं होतं, ह्युंदाई आणि तिची भावंड कंपनी किया मिळून सुमारे ९ लाख गाड्यांचं. त्यावर २०१४ ला १० कोटी डॉलर दंड. त्याहून मोठं प्रकरण थीटा-२ इंजिनाचं. क्रँकशाफ्टच्या मशीनिंगमधला बारीक कीस आत राहायचा, ऑईलच्या वाटा तुंबायच्या, बेअरिंग जायचं आणि इंजिन चालत्या गाडीत जॅम. २०१५ पासून रिकॉलवर रिकॉल, म्हणजे दोष असलेल्या गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्ती. किम ग्वांग-हो नावाच्या त्यांच्याच इंजिनिअरने अमेरिकन सरकारला कागदपत्रं दिली. २०२० मध्ये ह्युंदाई-किया मिळून २१ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि त्या इंजिनिअरला पुढच्या वर्षी २.४ कोटी डॉलरच्या वर बक्षीस मिळालं. काढलं होतं कंपनीने कामावरून. असो.

टूसॉनमध्ये त्या वर्षी दोन इंजिनं होती. कोणतं ते बघा. गाडीचा व्हीआयएन नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक) सरकारी रिकॉलच्या साईटवर टाका, दोन मिनिटांचं काम आहे. मालकाकडे ऑईल बदलल्याच्या पावत्या मागा. पावत्या नाहीत म्हणाला तर चहा पिऊन परत या.

स्वराली_म

चोरीबद्दल मी सांगते, मी विमा कंपनीत आहे (क्लेम बघते, पॉलिसी विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने).

तुमचा सहकारी चेष्टा करत नव्हता. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारं एक यंत्र असतं, इमोबिलायझर. २०१५ च्या मॉडेलमध्ये इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत ते मुळातच बसवलेलं होतं, ह्युंदाई-कियाच्या फक्त २६ टक्क्यांत. कॅनडात ते २००७ पासून सक्तीचं, म्हणून तिकडे विकलेल्या त्यांच्याच गाड्यांत ते आहे. इथे कायद्याने मागितलं नाही, म्हणून दिलं नाही. चार पैसे वाचवले.

२०२१ च्या सुमारास मिलवॉकीतल्या पोरांच्या हे लक्षात आलं. स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक उचकटायचं आणि यूएसबी केबलचं टोक घालून फिरवायचं. व्हिडिओ पसरले आणि देशभर तोच धंदा. आमच्या क्षेत्रातल्या संस्थेचे आकडे सांगतात, २०२० च्या पहिल्या सहामाहीत या दोन ब्रँडच्या दर हजार विमाधारक गाड्यांमागे वर्षाला चोरीचा साधारण १ दावा यायचा, २०२३ च्या पहिल्या सहामाहीत तो ११ च्या वर गेला. मोठ्या विमा कंपन्यांनी काही शहरांत ठरावीक मॉडेलना नवीन पॉलिसी देणंच थांबवलं. मिलवॉकी, सिअ‍ॅटल आणि तुमच्या कोलंबस शहराने कंपनीवर खटले भरले. म्हणजे तुमच्या गावात ही जखम ताजी आहे.

आता कामाचं. हा सगळा प्रकार वळवायच्या किल्लीच्या गाड्यांचा. बटन दाबून चालू होणाऱ्या गाडीत इमोबिलायझर असतोच. किल्लीवाली निघाली तर फेब्रुवारी २०२३ पासून फुकट सॉफ्टवेअर अपडेट मिळतंय, ते झालंय का विचारा. अपडेट झालेल्या गाड्यांच्या चोऱ्या निम्म्याहून जास्त घटल्यात. काचेवर स्टिकर लावतात, तो मात्र लावून घ्या. नाही तर चोर आधी काच फोडतो आणि मग त्याला कळतं की गाडी सुरू होणार नाही.

दोन्ही गाड्यांचे व्हीआयएन देऊन विम्याचे कोटेशन घ्या, गाडी घेण्याआधी. लोक नेहमी नंतर घेतात.

कोलंबसकर_पुणेरी

स्वरालीताई, खूप आभार. किल्ली की बटन हे मी बघितलंच नाही! बूटस्पेस मोजून आलो, स्ट्रोलर मावतो का म्हणून.

अंबाडीची_भाजी

अवांतर: आपली महिंद्रा कधी येणार अमेरिकेत?

जर्सीकाका

येता येता राहिली. २००६ साली जॉर्जियातल्या एका आयातदाराशी करार झाला होता, डिझेल पिकअप विकायचा. शेकडो डीलरांनी पैसे भरून ठेवले. २०१० ला करार मोडला आणि प्रकरण कोर्टात. नंतर २०१८ ला मिशिगनमध्ये रॉक्सर बनवायला घेतली, ती रस्त्यावर चालवायची नाहीच, शेतात-रानात. तर फियाट क्रायसलर म्हणाली ही आमच्या जीपसारखी दिसते. पुन्हा खटला. ट्रॅक्टर मात्र इथे महिंद्राचे बरे खपतात, लोक नाव आदराने घेतात.

तळेगावचा_बाळ्या

अवांतरात अवांतर. आमच्या तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना, जिथे शेवरोले बनायच्या, तो २०२३ मध्ये ह्युंदाईने घ्यायचा करार केला. अमेरिकन कंपनी गाशा गुंडाळून गेली आणि जागा कोरियनने घेतली. कोलंबसकर, कोण कुठून गाशा गुंडाळतो ते आधी बघा 😄

सवानाजवळ

टॅरिफचं आणि 'टिकेल का' याचं मी सांगतो, जॉर्जियात राहतो. आमच्याकडे एलाबेल नावाच्या खेड्यात ह्युंदाईचा अवाढव्य कारखाना उभा राहिलाय. ऑक्टोबर २०२४ पासून आयॉनिक ५ ही विजेवरची गाडी तिथे बनते. मार्च २०२५ मध्ये कंपनीने व्हाईट हाऊसमध्ये उभं राहून २,१०० कोटी डॉलर गुंतवायची घोषणा केली. आणि ४ सप्टेंबरला त्याच आवारातल्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर इमिग्रेशनची धाड पडली, ४७५ जणांना धरलं, त्यात ३०० हून जास्त कोरियन. गुंतवणूकही करा आणि बेड्याही घ्या, असा प्रकार. कोरियात टीव्हीवर ते साखळदंड दाखवल्यावर केवढा गहजब झाला! इथे मात्र गाडी घ्यायला जाणाऱ्या कोणाच्या तोंडी मी तो विषय ऐकला नाही.

कोरियातून येणाऱ्या गाड्यांवर एप्रिल २०२५ मध्ये २५ टक्के कर बसला होता, तो अमेरिका-कोरिया करारानंतर १५ वर आला. नफ्याला चाट बसते, पण कंपनी जात नाही. काकांनी ९० हजारांचा आकडा दिला ना, २०२४ मध्ये एकट्या ह्युंदाई ब्रँडच्या इथे ८ लाख ३६ हजार गाड्या विकल्या गेल्या. किया वेगळी, त्यांचा महागडा ब्रँड जेनेसिसही वेगळा. एवढा धंदा सोडून कोण जातं? सुट्या भागांची चिंता सोडा.

गॅरेजवाला

विकताना रडावं लागेल का याचं उत्तर राहिलं.

उलटा विचार करा. नाव खराब, म्हणून किंमत लवकर पडते, बरोबर? पण ती पडली ती पहिल्या मालकाच्या खिशातून. त्या बदनामीची सूट तुमच्या पदरात पडतेय, म्हणून तर २०२१ ची गाडी २०१८ च्या होंडापेक्षा स्वस्त दिसतेय. नवी घेणार असता तर मी वेगळं बोललो असतो. होंडाला इथे नावाचे पैसे लागतात, आणि ८९ हजार मैलांवर तेच नाव विकत घेण्यात मला फार अर्थ दिसत नाही. फक्त ती सूट विमावाला मागच्या दाराने परत काढून घेत नाही ना, तेवढं बघा.

वॉरंटीचं मात्र नीट ऐका. दहा वर्षं / लाख मैल हे पहिल्या मालकालाच. गाडी हात बदलली की ते पाच वर्षं / ६० हजार मैल, आणि मोजणी गाडी पहिल्यांदा विकली त्या दिवसापासून. कंपनीच्या डीलरने तपासून, 'सर्टिफाइड' करून विकली तर दहा वर्षं पुन्हा जिवंत होतात. गल्लीतल्या माणसाकडून नाही. जाहिरातीत तो 'अजून वॉरंटीत' लिहीत असेल तर कोणती वॉरंटी ते विचारा.

निवांत

हे माहीतच नव्हतं. मी सहा महिने दहा वर्षांच्या भरवशावर गाड्या बघतोय. वाचनखूण साठवली.

कोलंबसकर_पुणेरी

अपडेट देतो.

काल संध्याकाळी पुन्हा गेलो. बटन आहे! सहकाऱ्याचा विनोद तेवढा बाद. रिकॉल साईटवर एकही रिकॉल शिल्लक दाखवत नाही. विम्याच्या कोटेशनमध्ये दोन्ही गाड्यांत फार फरक निघाला नाही.

पण गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट काढला तर आमचे शेजारी दुसरे मालक निघाले. पहिली विक्री मे २०२१ ची. म्हणजे पाच वर्षांची वॉरंटी संपायला चार महिने. जाहिरातीत ठळक अक्षरात '१० वर्षं वॉरंटी' लिहिलंय. विचारलं तर म्हणाला, मलापण असंच सांगून विकली होती. चेहऱ्यावरून खरं वाटलं. ऑईलच्या पावत्या त्याच्या काळातल्या सगळ्या आहेत, आधीच्या नाहीत.

वॉरंटीच्या मुद्द्यावर आठशे डॉलर कमी करायला तयार झालाय. सौ. म्हणते बाराशे माग. बाबांना फोन केला, त्यांनी फक्त रंग विचारला. निळा म्हटल्यावर खूश, सँट्रो निळीच होती.

गॅरेजवाले, शनिवारी इथला एक मेकॅनिक तपासून देतो म्हणतोय, दीडशे डॉलर मागतोय. द्यावे का?

गॅरेजवाला

द्या, डोळे झाकून. इंजिन कोणतं आहे आणि ऑईल खातं का, हे त्याला मुद्दाम बघायला सांगा. आणि विकणाऱ्याला निरोप द्या की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नको, इंजिनाची दुखणी थंड असताना सुरू केल्यावरच कळतात. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर रविवारी परत जा.