पुढचा जी-मीटर ४.४, मागचा ४.०. खरा कुठला?

टेलड्रॅगर:
एकामागे एक दोन आसनांचं प्रशिक्षण विमान, दोन्ही पॅनेलवर तीन सुयांचे मेकॅनिकल जी-मीटर (विमानावरचा भार गुरुत्वाच्या किती पट ते दाखवणारे; एक सुई चालू आकडा दाखवते, बाकी दोन कमाल आणि किमान धरून ठेवतात). १२५ नॉटला दांडा ओढून लूप (उभं वर्तुळ) केला की पुढची कमाल-सुई ४.४ वर थांबते, मागची ४.० वर. इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही रीसेट केलेले. पुढचं पॅनेल गुरुत्वमध्यापासून लांब, म्हणून फरक पडतो म्हणे. पटतं का?

गुरुत्वमध्य:
थोडंसंच. नाक झटक्यात उचललं की पुढच्या पॅनेलला जास्त त्वरण मिळतं, हे खरं. पण आकडे मांडा. ६५ मी/से वेगाला ४ जी म्हणजे नाक सेकंदाला ०.४५ रेडियन फिरतंय. अर्ध्या सेकंदात तिथवर पोचलात तर कोनीय त्वरण ०.९, दोन पॅनेलमधलं अंतर १.१ मीटर धरलं तर गुणाकार १ मी/से², जेमतेम ०.१ जी. तोही ओढायला सुरुवात करतानाच. जी स्थिरावला की काही नाही. बाकीचे ०.३ मीटरच्या माथी.

बेंचवाला:
आधी रीसेटची वेळ बदला. टॅक्सी करताना धावपट्टीवरचे खड्डेही कमाल-सुई ढकलतात. कसरतीच्या उंचीवर, सरळ उड्डाणात रीसेट करा.

मग उंची न सोडता ६०° बँक धरा, म्हणजे विमान बाजूला तेवढं कलवून वळण घ्या. चालू सुई २ वर हवी. दोन अंश इकडेतिकडे झालं तर ०.१ चा फरक पडतो, म्हणून दोन्ही मीटर एकाच वळणात वाचा. जमिनीवर मीटर सरळ धरला तर +१, आडवा ०, उलटा −१ यायला हवा. पण एवढ्यावर खूश होऊ नका, स्प्रिंगची चूक वरच्या आकड्यांत उघडी पडते. त्यासाठी वर्कशॉपची फिरती चकती: १ मीटर त्रिज्या, मिनिटाला ६० फेरे, मीटरचा माथा केंद्राकडे, म्हणजे ४.०२ जी. त्रिज्या आतल्या वजनापर्यंत मोजा. ५ सेंमी चुकलात की ०.२ जी गेले.

टेलड्रॅगर:
तोवर कुठला धरायचा?

गुरुत्वमध्य:
जास्तीचा. मर्यादा ओलांडल्याची शंका आली तर सुई रीसेट न करता दोन्ही आकडे टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) लिहा, तपासणी होईपर्यंत विमान उडवू नका. आणि रोल करता करता (विमान लांबीच्या अक्षाभोवती फिरवत) दांडा ओढत असाल तर दोन्ही मीटर निरुपयोगी: वर जाणाऱ्या पंखावरचा जादा भार मध्यरेषेवर दिसतच नाही. तिथे मॅन्युअलमधली कमी मर्यादा पाळा.