सरड्याची धाव खरंच कुंपणापर्यंतच असते का?

प्रश्न
एखाद्याची कुवत बेताची आहे हे सांगायला आपण ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणतो. पण सरडा कुंपणावर सहज चढतो, तारेच्या जाळीतून आरपार जातो, झाडावर सरसर पोहोचतो. कुंपण त्याला अडवतच नसेल तर धाव तिथं का संपावी? या म्हणीला काही आधार आहे का?

प्रतिसाद १
आहे, आणि चांगला भक्कम आहे. त्याला कुंपण अडवत नाही, दम अडवतो. सरडा अंग डावी-उजवीकडे वळवत पळतो. अंग वळवणारे बरगड्यांलगतचे स्नायूच श्वासालाही लागतात, त्यामुळे जोरात पळताना दोन्ही कामं एकदम होत नाहीत. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड कॅरियर यांनी १९८७ मध्ये ही अडचण मांडली. मग धाव चालते ती मुख्यतः प्राणवायूशिवाय मिळणाऱ्या ऊर्जेवर. ती लवकर संपते, स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं आणि थांबणं भाग पडतं. बागेतला सरडा नीट पाहा: जोरात पळतो, एकदम थबकतो, कुशी वरखाली होतात, मग पुढची धाव.

प्रतिसाद २
दमाचं पटलं, पण मग कुंपणच का? कारण तेच त्याचं ठाणं. हा हिंडून नव्हे, टपून बसून शिकार करतो. उंचावरून मुंगी, नाकतोडा दिसला की खाली झेपावतो आणि परत वर. धोका जाणवला की जवळचा खांब किंवा खोड गाठतो आणि ते मध्ये राहील अशा बेतानं पलीकडच्या बाजूला सरकतो. तिथं त्याची धाव संपते, कारण आता पळायची गरजच उरत नाही. म्हणीतलं कुंपण निवडुंगाचं, शेराचं धरा, तारेचं नको. दाट काटेरी कुंपणात शिकारी पक्ष्याला शिरणं अवघड.

विणीच्या काळात नराचं डोकं-गळा लालभडक होतो. तो कुंपणावर बसून मान हलवतो, पुढच्या पायांवर जोर काढतो आणि दुसऱ्या नराला हद्दीत येऊ देत नाही. म्हणजे ‘कुंपणापर्यंत’ हे हद्दीच्या अर्थानंही खरं.

मादी मात्र अंडी घालायला ठाणं सोडते. भुसभुशीत, ओलसर माती उकरून साधारण १० ते २० अंडी घालते आणि खड्डा बुजवते. तेवढा वेळ ती उघड्यावर असते. पिल्लं सहा-सात आठवड्यांनी निघतात.

प्रतिसाद ३
पाहणी करणार असाल तर वेळ सांभाळा. सकाळी थंड अंगाचा सरडा उन्हाकडे पाठ करून, गडद रंगात बसलेला असतो. तेव्हा धाव अगदी तोकडी. अंग तापलं की तोच कितीतरी चपळ होतो. त्यामुळे एकदाच पाहून अनुमान काढू नका. आणि कृपा करून धाव मोजायला त्याच्या मागे लागू नका. दमलेल्या सरड्याला पुन्हा हुशारी यायला बराच वेळ लागतो, तेवढ्यात मांजर किंवा शिक्रा त्याला सहज उचलतो. शेपूट तर धरूच नका. पालीसारखं ते सोडून तो निसटू शकत नाही.

ही म्हण सगळ्या सरपटणाऱ्यांना मात्र लावता येणार नाही. घोरपड चालताना गळा भात्यासारखा हलवून हवा फुफ्फुसांत ढकलते, म्हणून ती न थांबता लांबवर जाऊ शकते.