हर्बेरियमच्या शीटवरचा पत्ता सगळ्यांना दिसावा का?

नदीकाठ: मी अमेरिकेत, नॉर्थ डकोटातल्या फार्गोला राहते. गेले दोन हिवाळे इथल्या एका हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जुन्या शीटवरची (रोप चिकटवलेल्या कागदावरची) लेबलं संगणकावर चढवतेय. परवा वेस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड ऑर्किड या माळावरच्या आमरीची शीट हाती आली. फुलं तपकिरी पडलीत, तरी पाकळ्यांची झालर ओळखू येते. सूचना अशी की काउंटी (जिल्हा) दाखवा, सेक्शन झाका. (सेक्शन म्हणजे एक चौरस मैल.) ही आमरी १९८९ पासून संरक्षित आहे, म्हणून.

मला हे पटत नाही. नॉर्थ डकोटात शायन गवताळ प्रदेशात ती अजून फुलते, शेजारच्या साउथ डकोटात मात्र जुन्या नोंदीच उरल्यात. तिचा माळ नांगराखाली गेला, ओलसर खोलगट जागा चर खणून कोरड्या केल्या. आता लीफी स्पर्ज या तणावरच्या फवारणीतही ती सापडते. फवारणाऱ्याला ती कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर तो हात कसा आवरणार?

अनवट: मग फवारणाऱ्या खात्याला पत्ता द्या ना, जगाला कशाला? आमरी खणून नेणारे लोक आहेत, आणि मातीतल्या बुरशीशिवाय ती बागेत जगत नाही. म्हणजे नेली की मेलीच. कासच्या पठारावर फुलं पाहायला येणाऱ्यांची संख्या ठरवून द्यावी लागली, तीही चोरांमुळे नव्हे, प्रेमाने येणाऱ्यांमुळे.

नदीकाठ: खात्याला पत्ता देतात हे मान्य. पण झाकलेल्या नोंदी अभ्यासक सोडून देतात. ही वेगळी जात आहे हेच १९८६ पर्यंत कुणी मांडलं नव्हतं. तोवर तिच्या शीट पूर्वेकडच्या झालरवाल्या आमरीच्या नावाने ठेवलेल्या होत्या.

गवतफुला: वनस्पतिशास्त्र शिकवलंय, म्हणून बोलते. तो फरक फुलाच्या रचनेत सापडला, पत्त्यात नाही. पूर्वेकडचीचे परागपुंज हॉकमॉथ या पतंगाच्या सोंडेला चिकटतात, हिचे त्याच्या डोळ्यांना. त्यासाठी फूल नीट दिसायला हवं. सेक्शन झाकला म्हणून काय अडलं?

बांधावरून: जमीनमालकाचं कुणीच बोललं नाही. अमेरिकेत संरक्षित वनस्पती खाजगी रानात असेल तर केंद्रीय कायदा सहसा मालकाचा हात धरत नाही. उद्या नकाशावर त्याचं कुरण झळकलं आणि अनोळखी गाड्या फाटकाशी थांबल्या, तर तो वैतागून ते कुरण नांगरूनही टाकेल. माझ्या वडिलांच्या शेतात असं कुणी विचारल्याशिवाय शिरलं असतं तर त्यांनीही खपवून घेतलं नसतं.

नदीकाठ: हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. खाजगी रान झाकावं, मान्य. सरकारी गवताळ रानाबद्दल मात्र मी मागे हटत नाही. ही आमरी काही वर्षं जमिनीवर येतच नाही, कंद खाली निजून राहतो. कुणी एका जुलैत जाऊन पाहतं, दिसली नाही की 'गेली' म्हणून लिहून मोकळं होतं. नेमकी जागा चारचौघांना माहीत असेल तर पुढच्या जुलैत दुसरं कुणी तरी जाईल.

अनवट: जाईल, ताई. पण त्या ओल्या मातीत निजलेल्या कंदावर पाय पडला तर ते त्याला कळणारही नाही. जाणाऱ्यांची यादी कुणीतरी ठेवायलाच हवी.

नदीकाठ: यादी ठेवा, पण मागेल त्या अभ्यासकाला आठवड्यात उत्तर मिळू दे. एवढं मी सोमवारी तिथे मांडणार आहे.